कायद्याचा गट नंबर मागा

प्रति,
मा. संपादक,
विदर्भ आवृत्ती

विषय : सेमीकंडक्टर मालाबाबतचे परदेशी सरकारी नियम मुळातून शोधण्याबद्दल

महोदय,

बांगलादेशाने संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवत नेले, तेव्हा परदेशी राजपत्रातली एक ओळ आंबिया बहाराच्या भावावर कशी येऊन पडते ते वरूड-मोर्शीच्या बागायतदारांनी पाहिले. आता तीच वेळ इलेक्ट्रॉनिक्सचे काम करणाऱ्यांवर येते आहे. सौरपंपाचे कंट्रोलर, फवारणी पंपाचे चार्जर, ओलावा मोजणारे सेन्सर, एलईडीचे ड्रायव्हर जोडणाऱ्या तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या युनिटला जर्मनीचा किंवा जपानचा गिऱ्हाईक भेटला, की पहिला प्रश्न तिथल्या कायद्याचा असतो. उत्तर मात्र बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या, तारीख नसलेल्या पीडीएफमधून येते. नाहीतर ‘परदेशी नियमांचा संच’ विकणाऱ्या मध्यस्थाकडून येते. असा संच विकत घेण्याची काहीही गरज नाही. चिपच्या मोठ्या बाजारपेठांतले कायदे तिथल्या सरकारांनी स्वतःच फुकट उघडे ठेवले आहेत. ते कुठे असतात, कसे वाचायचे आणि घोटाळा कुठे होतो, हे ग्रामीण भागातल्या उद्योजकांना आणि तंत्रनिकेतनाच्या मुलांना कळावे म्हणून हे पत्र.

गावात जमीन शोधायची तर ‘नाल्याकाठचे शेत’ एवढ्यावर काम होत नाही, गट नंबर लागतो. कायद्याचेही तसेच आहे. ‘युरोपचा शिशाचा नियम’ किंवा ‘अमेरिकेची चिपबंदी’ ही नाल्याकाठची शेते झाली. प्रत्येक नियमाला क्रमांक असतो, तारीख असते आणि तो ज्यात छापला गेला ते राजपत्र असते. या तीन गोष्टी कुणी सांगत नसेल, तर त्याच्याकडे कायदा नाही, ऐकीव माहिती आहे.

पण नियम शोधण्याआधी आपला माल नेमका कोणता ते ठरवावे. सीमाशुल्काच्या एचएस वर्गीकरणाचे पहिले सहा अंक जवळजवळ जगभर सारखे असतात, पुढचे अंक देशागणिक बदलतात. ८५४१ मध्ये डायोड, ट्रान्झिस्टर, एलईडी, सौर सेल येतात. ८५४२ मध्ये इंटिग्रेटेड सर्किट येतात : ८५४२.३१ प्रोसेसर व कंट्रोलर, ८५४२.३२ मेमरी, ८५४२.३३ अ‍ॅम्प्लिफायर. चिप बनवण्याची यंत्रे ८४८६ मध्ये, कोरे छापील सर्किट ८५३४ मध्ये, चार्जर आणि इन्व्हर्टर ८५०४ मध्ये. इथली नेहमीची चूक म्हणजे जुन्या बिलावरून आकडा उतरवणे. सौर सेल आणि पॅनेलसाठी पूर्वी ८५४१.४० असे. १ जानेवारी २०२२ पासून सुटे सेल ८५४१.४२ आणि पॅनेल ८५४१.४३ झाले. जुना आकडा घालून शोध घेतला तर नियम सापडतो, पण कालबाह्य सापडतो. वर्गीकरणाबद्दल शंका असेल तर अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने दिलेले जुने निर्णय ‘क्रॉस’ नावाच्या त्यांच्या संग्रहात कुणालाही वाचता येतात. आपल्यासारख्या मालाचा निर्णय तिथे सापडला तर अर्धे काम झाले.

आता युरोप. युरोपीय संघाचे सगळे कायदे ‘यूर-लेक्स’ या सरकारी संकेतस्थळावर २४ भाषांत आहेत. पत्त्याच्या शेवटी ‘युरोपा डॉट ईयू’ आहे ना, एवढे आधी पाहावे. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. इथला गट नंबर म्हणजे सेलेक्स क्रमांक. तो एकदा उलगडून कळला की विसरत नाही. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या घातक पदार्थांवरचा निर्देश, ज्याला बाजारात ‘रोहस’ म्हणतात, त्याचा क्रमांक ३२०११एल००६५. पहिला ३ म्हणजे कायदा, मग २०११ हे वर्ष, ‘एल’ म्हणजे निर्देश आणि ६५ हा त्या वर्षातला अनुक्रमांक. ‘एल’च्या जागी ‘आर’ असेल तर ते विनियमन. रसायनांवरचे ‘रीच’ हे ३२००६आर१९०७ आणि युरोपचा चिप कायदा ३२०२३आर१७८१. संकेतस्थळावर हे अर्थातच रोमन अक्षरांत आणि आकड्यांत घालायचे. विनियमन सगळ्या सदस्य देशांत थेट लागू होते. निर्देश मात्र प्रत्येक देश आपापल्या कायद्यात उतरवून घेतो, म्हणून माल जर्मनीला जाणार असेल तर जर्मनीचा कायदाही पाहावा लागतो. कोणत्या देशाने तो कुठे उतरवला, याची यादी त्याच पानावर ‘राष्ट्रीय अंमलबजावणी’च्या दुव्यात मिळते.

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो : मूळ निर्देश २०११ चा, पण त्यानंतर त्यात कितीतरी दुरुस्त्या झाल्या. मूळ निर्देश म्हणजे जुना सातबारा आणि प्रत्येक दुरुस्ती म्हणजे एक फेरफार. फेरफार न पाहता जमीन घेणारा जसा फसतो, तसा २०११ ची प्रत छापून भिंतीला लावणारा फसतो. मूळ प्रतीत सहा पदार्थ आहेत. २०१५ च्या ८६३ क्रमांकाच्या दुरुस्तीने प्लास्टिक मऊ करणारी चार थॅलेट त्यात घातली आणि २२ जुलै २०१९ पासून ती बहुतेक उपकरणांना लागू झाली. म्हणजे आज दहा पदार्थ आहेत. दुरुस्ती निघाली २०१५ ला आणि लागू झाली २०१९ ला, हेही ध्यानात घ्यावे. नियमाची तारीख, राजपत्रात छापल्याची तारीख, अमलात आल्याची तारीख आणि प्रत्यक्ष लागू होण्याची तारीख या चार वेगळ्या असू शकतात. त्या सगळ्या ‘दस्तऐवजाची माहिती’ या भागात ओळीने दिलेल्या असतात.

सगळे फेरफार चढवलेली एकत्रित प्रतही यूर-लेक्सवर असते. तिचा क्रमांक ३ ऐवजी ० ने सुरू होतो आणि शेवटी तारीख असते. रोजच्या वापराला हीच प्रत घ्यावी. पण तिला कायदेशीर बळ नाही, ते राजपत्रातल्या प्रतीला आहे. आपल्याकडे संकेतस्थळावर नुसता पाहता येणारा सातबारा आणि पंधरा रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा यांत जो फरक, तोच हा. समजून घ्यायला एकत्रित प्रत पुरते. करारात किंवा वादात आधार द्यायचा असेल तर राजपत्राचा आकडा द्यावा.

मजकूर हाती आला तरी व्याख्यांचे कलम सोडून पुढे जाऊ नये. रोहसमध्ये शिशाची मर्यादा ०.१ टक्का आहे, कॅडमियमची ०.०१ टक्का. पण टक्का कशाचा? संपूर्ण यंत्राच्या वजनाचा नाही. ‘एकजिनसी पदार्थ’ अशी व्याख्या आहे. स्क्रू काढून, कापून, घासून ज्याचे आणखी वेगळे पदार्थ करता येत नाहीत, असा प्रत्येक भाग वेगळा मोजायचा. डाकाचा (सोल्डरचा) थेंब वेगळा, चिपच्या पायावरचा मुलामा वेगळा, वायरचे आवरण वेगळे. हिशेब करून पाहू. दोन किलोच्या कंट्रोलरमध्ये ६३/३७ ची कथील-शिशाची डाकतार एक ग्रॅम लागली, तर शिसे ०.३७ ग्रॅम. संपूर्ण वजनाशी प्रमाण काढले तर ०.०१८५ टक्के येते आणि माल नियमात बसला असे वाटते. कायद्याच्या हिशेबाने त्या डाकात ३७ टक्के शिसे आहे, मर्यादेच्या ३७० पट. कापसाच्या गाडीत एक गाठोडे भिजलेले निघाले तर ग्रेडर साऱ्या गाडीची सरासरी काढून ते घेत नाही, तसे हे आहे. शिसेविरहित डाक वापरायचा तर ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्के तांबे असलेली तार सर्रास मिळते. ती १८३ अंशांऐवजी २१७ ते २२० अंशांना वितळते. सोल्डरिंग इस्त्रीचे तापमान त्याप्रमाणे वाढवले नाही तर डाक नीट पसरत नाही आणि जोड कच्चा राहतो.

कशाला सूट आहे, तेही याच निर्देशात आहे. जास्त करंट सोसणाऱ्या पॉवर सेमीकंडक्टरच्या आत चिप चिकटवायला ८५ टक्के किंवा अधिक शिसे असलेला डाक वापरतात. त्याला तिसऱ्या परिशिष्टातल्या ७(अ) खाली सूट दिलेली आहे. पुरवठादाराच्या कागदावर ‘सूट ७(अ)सह अनुरूप’ असे असेल तर ती सूट आज कोणत्या शब्दांत आणि कधीपर्यंत आहे, हे एकत्रित प्रतीतच पाहावे. प्रत्येक सूट मुदतीची असते. पण मुदतवाढीचा अर्ज वेळेत, म्हणजे किमान १८ महिने आधी, गेला असेल तर निर्णय होईपर्यंत सूट चालू राहते. म्हणून तारीख उलटलेली दिसली की सूट गेली, असेही समजू नये. सौर पॅनेलबाबत एक खुलासा. व्यावसायिकांनी कायमस्वरूपी बसवलेल्या यंत्रणेतले पॅनेल निर्देशाच्या बाहेर आहेत, पण त्यासोबतच्या कंट्रोलरला ती सवलत आपोआप मिळत नाही.

आणि ‘युरोप सरकारचे रोहस प्रमाणपत्र काढून देतो’ असे कुणी म्हणत असेल, तर त्याला एकच विचारावे : कोणत्या कलमाखाली? असे सरकारी प्रमाणपत्र या निर्देशात नाही. निर्मात्याने स्वतः तांत्रिक कागदपत्रे तयार करायची, अनुरूपतेची घोषणा स्वतःच्या सहीने करायची, युरोपच्या नियमांत माल बसतो हे सांगणारे सीई चिन्ह लावायचे आणि ती कागदपत्रे माल बाजारात आल्यापासून दहा वर्षे जपायची. प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल उपयोगी पडतो, त्याचे पैसेही द्यावे लागतात, पण तो अहवाल म्हणजे सरकारी परवाना नव्हे. छोट्या युनिटांची सर्वाधिक लूट याच एका गैरसमजावर चालते, आणि ती थांबली पाहिजे.

रीचखाली अतिचिंताजनक पदार्थांची यादी हेलसिंकीची युरोपीय रसायन संस्था ठेवते. ती साधारण वर्षातून दोनदा वाढते. त्या संस्थेच्या संकेतस्थळावरची यादीच अधिकृत मानली जाते, म्हणून पुरवठादाराचे दोन वर्षांपूर्वीचे पत्र आजच्या यादीला पुरत नाही. पत्रात यादीची तारीख लिहून मागावी.

अमेरिकेकडे वळू. तिथे दोन दस्तऐवज वेगळे ओळखावे लागतात. ‘फेडरल रजिस्टर’ हे रोजचे राजपत्र, म्हणजे फेरफारांची वही. ‘कोड ऑफ फेडरल रेग्युलेशन्स’ म्हणजे फेरफार चढवलेला विषयवार सातबारा. त्याची रोज अद्ययावत होणारी इलेक्ट्रॉनिक आवृत्ती ‘ई-सीएफआर’ उत्तम आहे, पण तीही अधिकृत कायदेशीर आवृत्ती नाही. अधिकृत आवृत्ती वर्षातून एकदा निघते, आणि आपल्या कामाच्या १५व्या शीर्षकाची ती १ जानेवारीच्या स्थितीची असते. निर्यात नियंत्रणाचे नियम १५व्या शीर्षकात भाग ७३० ते ७७४ मध्ये आहेत. नियंत्रित मालाची यादी भाग ७७४ च्या पहिल्या पुरवणीत, आणि ज्यांच्याशी व्यवहाराला परवाना लागतो अशा संस्थांची यादी भाग ७४४ च्या चौथ्या पुरवणीत.

यादीतला ‘३ए००१’ असा क्रमांक एचएस कोड नव्हे. दोन्हींची सरमिसळ करून कागद भरले की माल बंदरात अडकतो. पहिला ३ म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. मग ‘ए’ वस्तू व सुटे भाग, ‘बी’ उत्पादन व चाचणीची यंत्रे, ‘सी’ पदार्थ, ‘डी’ सॉफ्टवेअर, ‘ई’ तंत्रज्ञान. यादीत कुठेच न बसणारा पण याच नियमांखालचा माल ‘ईएआर९९’. आपल्याशी याचा संबंध काय, असे वाटेल. अमेरिकी चिप भारतात बसवून तिसऱ्या देशाला पाठवली, तरी हे नियम तिचा पाठलाग करतात. त्या देशासाठी परवाना लागेल अशा अमेरिकी भागांची किंमत तयार मालाच्या किमतीच्या २५ टक्क्यांवर गेली, आणि काही थोड्या देशांसाठी १० टक्क्यांवर, तर परवान्याचा प्रश्न येतो. काही मालाला या टक्क्यांची सवलतही नाही. हे भाग ७३४ मध्ये आहे.

‘अमेरिकेची चिपबंदी’ (चीनला प्रगत चिप देण्यावरचे निर्बंध) हा शब्दप्रयोग ज्या नियमावरून सुरू झाला, त्याचा गट नंबर ८७ एफआर ६२१८६, म्हणजे फेडरल रजिस्टरचा ८७वा खंड, पान ६२१८६. तो ७ ऑक्टोबर २०२२ ला जाहीर झाला, १३ तारखेला छापला गेला आणि ७, १२ व २१ ऑक्टोबर अशा तीन टप्प्यांत लागू झाला. फेडरल रजिस्टरमध्ये ‘प्रस्तावित नियम’, ‘अंतरिम अंतिम नियम’ आणि ‘अंतिम नियम’ असे शिक्के असतात. प्रस्तावित म्हणजे फक्त हरकती मागवलेला मसुदा. अंतरिम अंतिम मात्र लागू झालेला असतो, नावातल्या ‘अंतरिम’ने फसू नये. उलट बाजूने, १५ जानेवारी २०२५ ला छापलेला एआय चिपच्या वितरणाचा नियम मागे घेणार असल्याचे निर्यात नियंत्रण पाहणाऱ्या ‘ब्यूरो ऑफ इंडस्ट्री अँड सिक्युरिटी’ या तिथल्या खात्याने १३ मे २०२५ ला जाहीर केले. अशा वेळी पत्रकावर थांबू नये. पत्रकाने सातबारा बदलत नाही, राजपत्रात नोंद निघाली का ते पाहावे. एक सावधगिरी नावाचीही आहे : अमेरिकेचे हे खाते आणि आपले भारतीय मानक ब्यूरो, दोन्हींचे लघुरूप बीआयएस असेच आहे. शोध घेताना पूर्ण नाव घालावे.

पूर्व आशियात भाषेची आणि सनाची अडचण आहे. जपानचे कायदे ‘ई-गव्ह’ या सरकारी शोधस्थळावर जपानीत असतात. न्याय मंत्रालय इंग्रजी भाषांतरे देते, पण कायदेशीर बळ फक्त जपानी मजकुराला. भाषांतर मागे पडलेले असते, म्हणून ते कोणत्या दुरुस्तीपर्यंतचे आहे ते पाहावे. निर्यात नियंत्रणाचा मूळ कायदा परकीय चलन व परकीय व्यापाराचा, १९४९ चा २२८ क्रमांकाचा. त्यात तत्त्वे आहेत, मापे आणि आकडे खालच्या आदेशांत व मंत्रालयाच्या अध्यादेशांत. २३ जुलै २०२३ पासून चिप बनवण्याच्या यंत्रांचे २३ प्रकार नियंत्रणात आले, तेही असेच खालच्या थरात. यांत्रिक भाषांतर करताना ‘इजो’ म्हणजे ‘तितके किंवा त्याहून जास्त’ आणि ‘कोएरु’ म्हणजे ‘त्याहून जास्तच’ हा फरक पुसला जाण्याचा धोका असतो. मर्यादेवर बसलेल्या मालाचा निकाल त्या एका शब्दावर लागतो. वर्षे तिथल्या कालगणनेत असतात : रेइवा ५ म्हणजे २०२३. तैवानमध्ये ११२ म्हणजे २०२३, कारण तिथल्या सनात १९११ मिळवायचे. आपण शकाच्या वर्षात ७८ मिळवतो, तसेच. कोरियाचे कायदे त्यांच्या राष्ट्रीय कायदा माहिती केंद्रावर, अंमलाच्या तारखेसह असतात.

नेदरलँड्सने प्रगत चिपयंत्रांवर १ सप्टेंबर २०२३ पासून स्वतःचे नियंत्रण घातले. म्हणजे युरोपीय संघाचे निर्यात नियंत्रणाचे २०२१ चे ८२१ क्रमांकाचे विनियमन पाहिले की झाले, असे नाही. चीनने १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम व जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना लावला. एलईडी आणि नव्या चार्जरमधल्या चिपांना गॅलियम लागते, म्हणून ती घोषणा वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून काढून ठेवलेली बरी.

कायदा फुकट असला तरी तो ज्या तांत्रिक मानकांचा हवाला देतो ती बहुधा विकत घ्यावी लागतात. मध्यस्थ या दोन्हींची मुद्दाम गल्लत करतात. ५ मार्च २०२४ ला युरोपीय न्यायालयाने खेळण्यांची तीन आणि निकेलच्या चाचणीचे एक अशा चार मानकांच्या प्रकरणात ती लोकांना पाहू देण्यात मोठे सार्वजनिक हित आहे असा निकाल दिला. तो योग्यच झाला, तरी बाकीची मानके अजून सरसकट खुली नाहीत. मानक घ्यायचेच असेल तर कायद्यात किंवा राजपत्राच्या यादीत दिलेली नेमकी आवृत्ती घ्यावी, नुसती सर्वांत नवी नव्हे.

येणाऱ्या नियमांची आगाऊ खबर हवी असेल तर जागतिक व्यापार संघटनेशी जोडलेल्या ‘ई-पिंग’ या सेवेत नाव नोंदवावे. ती फुकट आहे. देश आणि एचएस क्रमांक घालून ठेवला की त्या देशाने कळवलेल्या मसुद्याची सूचना ईमेलवर येते. हरकतीसाठी साधारण ६० दिवस असतात. आणि ज्या देशाचा नियम सापडतच नाही, त्याच्यासाठी सरळ मार्ग आहे : व्यापारातील तांत्रिक अडथळ्यांच्या कराराच्या दहाव्या कलमानुसार प्रत्येक सदस्य देशाला चौकशी केंद्र ठेवावे लागते आणि संबंधितांच्या रास्त प्रश्नांना उत्तर द्यावे लागते. वस्तूचे नाव, एचएस क्रमांक आणि एकच नेमका प्रश्न लिहून पाठवावा. ‘सर्व नियम पाठवा’ असे लिहिले तर कामाचे उत्तर मिळणे कठीण. भारताचे केंद्र भारतीय मानक ब्यूरोकडे आहे. माल भारतातून बाहेर जाताना आपली स्वतःची स्कोमेट यादीही, म्हणजे लष्करी वापरही होऊ शकणाऱ्या नियंत्रित वस्तूंची यादी, पाहावी लागते. ती विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे आणि इलेक्ट्रॉनिक्स तिच्या आठव्या प्रवर्गात येते.

या पार्श्वभूमीवर दोन मागण्या आहेत. पहिली जिल्हा उद्योग केंद्रांकडे. यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, गडचिरोली अशा जिल्ह्यांत आठवड्यातून एक दिवस, शासकीय तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या मदतीने, परदेशी नियम शोधून देणारा कक्ष चालवावा. त्याला एक संगणक, एक छापयंत्र आणि प्रशिक्षण दिलेली दोन माणसे पुरतात. उद्योजकाला द्यायच्या प्रत्येक प्रतीवर नियमाचा क्रमांक, राजपत्राची तारीख आणि ती प्रत कोणत्या दिवशी काढली ते लिहिलेले असावे.

दुसरी मागणी आपल्याकडे. चिपबंदी, आयात शुल्क, नवा युरोपीय कायदा अशा बातम्या छापताना शेवटी एका ओळीत त्या नियमाचा अधिकृत क्रमांक, तो प्रस्तावित आहे की लागू, आणि लागू होण्याची तारीख द्यावी. बाजार समितीचे भाव आपण रोज आवक आणि दरासह छापता. त्यांच्या शेजारी ही एक ओळ बसेल.

आपले,
इलेक्ट्रॉनिक्स व निर्यात-कागदपत्रांचे काम करणारे काही वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ